रिकर्सिव्ह म्युटेक्सवर ट्रायलॉक ० देतं, ते बरोबरच आहे

भाऊ, तुम्ही रिकर्सिव्ह म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडच्या ताब्यात राहणारं, पण त्याच थ्रेडला पुन्हा लावता येणारं कुलूप; थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधली स्वतंत्र चालणारी वाट) लॉक केलं, पुढच्याच ओळीत ट्रायलॉक (न थांबता लॉक मागून बघणं) केलं, ईबिझी (म्हणजे 'कुलूप दुसरीकडं गुंतलंय') अपेक्षित होतं अन् आलं ०, म्हणजे लॉक मिळालं. म्हणून ही थ्रेड अन् कुलपं पुरवणाऱ्या पीथ्रेड लायब्ररीवरच शंका घेताय. लायब्ररीचं काही चुकलं नाही, टेस्ट चुकीच्या थ्रेडमधून विचारतेय.

विहिरीवरच्या मोटरपेटीची किल्ली माझ्याच खिशात असेल तर मला कोण अडवणार? अडेल तो चुलतभाऊ, म्हणजे दुसरा थ्रेड. रिकर्सिव्ह प्रकारात मालक थ्रेडनं पुन्हा लॉक मागितलं की आतली मोजणी फक्त एकानं वाढते. म्युटेक्स नॉर्मल किंवा एररचेक या दुसऱ्या प्रकारांचं असतं तर ट्रायलॉकवर मालकालाही ईबिझीच मिळालं असतं.

म्हणून एक छोटं फंक्शन लिहा: नवा थ्रेड काढायचा, त्यानं ट्रायलॉक करून आलेला आकडा परत द्यायचा (० आला तर जाण्याआधी अनलॉक करायचं, हे हमखास राहून जातं), मग जॉइन, म्हणजे तो थ्रेड संपेपर्यंत थांबायचं. आता मुख्य थ्रेडमध्ये दोनदा लॉक करा अन् त्या फंक्शनला विचारा. लिनक्सवर १६, म्हणजे ईबिझी, यायला पाहिजे. एकदा अनलॉक करून पुन्हा विचारा. अजूनही १६च! खरी परीक्षा इथं आहे, अन् बहुतेक जण नेमकी हीच पायरी गाळतात. दुसऱ्या अनलॉकनंतर ०. तिसऱ्यांदा अनलॉक केलं तर ईपर्म ('परवानगी नाही'), म्हणजे १. जॉइन असल्यामुळे मधे कुठं स्लीप (ठरावीक वेळ थांबवणारा कॉल) टाकायची गरज नाही.

एररनो (शेवटच्या एररचा आकडा ठेवणारं व्हेरिएबल) तपासू नका, ही फंक्शनं एररचा आकडा थेट परत देतात. अन् लॉकचा कॉल असर्टच्या (अट खोटी निघाली तर प्रोग्रॅम थांबवणारी तपासणी) कंसात लिहू नका राजेहो, एनडीबग (असर्ट बंद करणारी खूण) लावलं की कॉलच गायब.

नॉर्मल म्युटेक्सवर मालकानं दुबार लॉक केलं की थ्रेड कायमचा अडकतो. मी रात्री अशी टेस्ट लावून झोपलो. सकाळी लाइन गेलेली, लॅपटॉप बॅटरीवर, टेस्ट तिथंच; अन् टॉपमध्ये (चालू प्रोग्रॅम दाखवणारी कमांड) सीपीयू ०, कारण अडकलेला थ्रेड फिरत नाही, कर्नलमध्ये झोपतो. तिथं टाइमडलॉक (ठरलेल्या वेळेपर्यंतच वाट बघणारं लॉक) वापरा, ईटाइमडआउट ('वेळ संपली') येईल. फक्त वेळ 'दोन सेकंद' अशी देऊ नका, आत्ताच्या घड्याळात दोन मिळवून द्या. नुसते २ दिले तर ती १९७० सालची वेळ होते, टाइमआउट त्याच क्षणी येतो अन् जराही वाट न बघता टेस्ट पास दिसते.