सर्दी नव्हे, गाजरगवत

भाऊ, जळगावला नवीन आलात आणि दिवाळीच्या तोंडावर उठल्या उठल्या 15-20 शिंका, डोळ्यांना खाज, ताप मात्र नाही. ही सर्दी नव्हे, ॲलर्जी असावी. घरामागचा मोकळा प्लॉट बघून या. पावसाळ्यानंतर तिथे कमरेएवढं गाजरगवत असेल, वर पांढरी बारीक फुलं. संशय आधी त्याच्या हवेत उडणाऱ्या परागांवर घ्या. पण फुलावर असताना उपटू नका. मी एकदा हौसेनं उपटलं, तर हातभर पुरळ आणि आठवडाभर सुजलेले डोळे. (बायको अजून हसते.) फुलं येण्याआधी, हातमोजे घालून काढायचं.

कोरड्या वाऱ्याच्या दिवशी त्रास जास्त. गाडीवर नाकाला रुमाल, डोळ्यांना चष्मा. घरी आलं की कपडे बदला. उशीचे अभ्रे गच्चीवर वाळवू नका, त्यावर बसलेले परागच रात्रभर नाकात जातात. मीठपाण्यानं नाक धुवा, पाणी उकळून गार केलेलंच. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीनं झोप येऊ शकते, घेऊन गाडी चालवू नका. डॉक्टरांनी नाकातला स्टेरॉईड स्प्रे दिला तर दोन दिवसांत सोडू नका, पूर्ण गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. छातीत घरघर वाजली तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.