लाय डिटेक्टर ‘पास’ झालो, तर स्वसंरक्षण सिद्ध होतं का?

प्रश्न : भावावर खुनाचा खटला आहे. समोरच्याने आधी कोयता उगारला, असं तो सांगतो. पॉलिग्राफ (लाय डिटेक्टर) चाचणी दिली तर कोर्ट त्याच्यावर विश्वास ठेवेल का?

उत्तर : त्यावर विसंबू नका. सेल्वी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ मे २०१० रोजी सांगितलं, की सक्तीने चाचणी करता येत नाही आणि संमतीने केली तरी निष्कर्ष पुरावा ठरत नाही. संमतीच्या चाचणीत मिळालेल्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर मात्र तेवढा शोध कोर्टापुढे येऊ शकतो. संमती वकिलाशी बोलून, मॅजिस्ट्रेटसमोरच नोंदवायची असते.

यंत्र खोटं पकडत नाही. श्वास, नाडी, रक्तदाब आणि त्वचेवरचा घाम मोजतं. खुनाचा आरोप असलेला खरं बोलतानाही घाबरतोच! शिवाय ‘जिवाची भीती वाटली का?’ हा प्रश्न यंत्राला झेपत नाही. ‘कोयता आधी कोणी काढला?’ असा ठोस प्रश्न लागतो.

कोर्ट बघतं ते वेगळंच. भावाच्या हातावर बचावाच्या जखमा होत्या का, त्यांची नोंद त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात झाली का, वार किती आणि पाठीवर की समोरून, समोरचा पडल्यावरही वार चालू राहिले का. स्वसंरक्षण सिद्ध करायचा भार आरोपीवर असला, तरी ‘शक्यता जास्त’ एवढंच दाखवणं पुरतं. सरकारी साक्षीदारांच्या उलटतपासणीतूनही ते साधतं. जखमांचे कागद आधी मिळवा.