बार्बाडोसच्या ध्वजावरील मोडका त्रिशूळ

प्रश्न : बार्बाडोसच्या राष्ट्रध्वजावर काळा त्रिशूळ आहे, पण त्याचा दांडा अर्धवटच दिसतो. ही चित्रकाराची चूक आहे की त्यामागे काही अर्थ आहे? आणि 2021 मध्ये तो देश प्रजासत्ताक झाल्यावर ध्वज बदलला का?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, म्हणून ते आधी देतो. 30 नोव्हेंबर 2021 रोजी ब्रिटनच्या राणीऐवजी सँड्रा मेसन राष्ट्राध्यक्ष म्हणून राष्ट्रप्रमुखपदी आल्या, परंतु ध्वज आहे तोच राहिला.

त्रिशूळाचा दांडा मुद्दामच तोडलेला आहे. सतराव्या शतकापासून इंग्रजांच्या ताब्यात असलेल्या या बेटाच्या वसाहतकालीन चिन्हात, समुद्री घोड्यांसह लाटांवरून जाणाऱ्या आकृतीच्या हाती त्रिशूळ असे. समुद्रदेवतेचे हे आयुध तिथे ब्रिटनच्या सागरी सत्तेची खूण होते. 30 नोव्हेंबर 1966 रोजी देश स्वतंत्र झाला, त्यापूर्वी ध्वजासाठी खुली स्पर्धा घेण्यात आली. तिच्यात आलेल्या एक हजाराहून अधिक आराखड्यांतून ग्रँटली प्रेस्कॉड या कलाशिक्षकांचा आराखडा निवडला गेला. त्यांनी जुन्या चिन्हातील आकृती, घोडे आणि लाटा वगळल्या, केवळ त्रिशूळ उचलला आणि त्याचा दांडा अर्ध्यावरच संपवला. वसाहतीच्या भूतकाळाशी नाते तुटले, हे सांगण्याची ही रीत मला फार नेमकी वाटते, कारण जुने चिन्ह टाकून न देता त्याचा अर्थच तिने उलटा केला आहे.

ध्वजावर तीन उभे पट्टे आहेत : दोन्ही कडांना गडद निळा आणि मध्ये सोनेरी. निळा समुद्राचा व आकाशाचा, सोनेरी किनाऱ्यावरील वाळूचा. त्रिशूळ मधल्या पट्ट्यातच मावतो, निळ्याला कुठेही स्पर्श करत नाही. त्याची मधली शलाका सरळ वर जाते, बाजूच्या दोन बाहेर झुकून वर वळतात, आणि खाली दांड्याचे आखूड थोटूक तेवढे उरते. लोकांचे, लोकांसाठी आणि लोकांनी चालवलेले शासन, असा या तीन टोकांचा अर्थ अधिकृतपणे सांगितला जातो. तुटलेल्या दांड्यापुढे मला तो थोडा पुस्तकी वाटतो.