ऑटोमॅटिक गाडी दुसऱ्यावरून तिसऱ्या गिअरला जाताना झटका देते. गॅरेजवाले गिअरबॉक्स बदलायला सांगत आहेत. काय करावे?

गिअरबॉक्स बदलायला आत्ताच होकार देऊ नका. गाडी 80 हजार किलोमीटर चालली आहे, झटका चढावर जास्त जाणवतो आणि गॅरेजने लाखाच्या वरचा खर्च सांगितला आहे, एवढे तुम्ही लिहिले आहे. पण गिअरबॉक्सचे तेल शेवटचे कधी बदलले, हे प्रश्नात कुठेच नाही. माझ्या मते पहिला प्रश्न तोच आहे, आणि तो मला कोणी वेळेवर विचारला नव्हता म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

डाव्या गुडघ्याचे ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी क्लच दाबायला मनाई केली, तेव्हा मी टॉर्क कन्व्हर्टरची (म्हणजे इंजिनची ताकद तेलाच्या माध्यमातून गिअरबॉक्सला देणारी), सहा गिअरची जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली. रावेरच्या आमच्या दाजींना ते मुळीच पटले नाही. "भाऊ, तुले क्लच दाबाले काय जड जास?" हा त्यांचा पहिला प्रश्न होता, आणि अशा गाड्या खानदेशच्या उन्हात टिकत नाहीत, हे मत त्यांनी प्रत्येक लग्नात, प्रत्येक दिवाळीला ऐकवले. दुर्दैवाने पहिला झटका बसला तेव्हा तेच मागच्या सीटवर होते. मे महिन्यात आम्ही पाच जण जळगावहून छत्रपती संभाजीनगरला एका लग्नाला निघालो होतो. फर्दापूर सोडून अजिंठ्याचा घाट चढू लागलो, तेव्हा प्रत्येक वळणावर गाडी दुसऱ्या गिअरवर येई आणि पुन्हा तिसरा पडताना खालून कोणी लाथ मारावी तसा दणका बसे. ताईच्या पायाशी ठेवलेला लाडवांचा डबा प्रत्येक वेळी पुढच्या सीटवर आपटत होता. दाजी घाटात काही बोलले नाहीत. वर अजिंठा गावात चहाला थांबल्यावर मात्र, गाडी विकून टाका, एवढेच म्हणाले.

सर्व्हिस सेंटरमध्ये तपासणी केल्यावर गिअरबॉक्स गेला असे सांगून 1 लाख 60 हजारांचा अंदाज हातात दिला. मी तेलाबद्दल विचारले, तर या गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभराचे असते, ते बदलायचे नसते, असे उत्तर मिळाले. शेवटी जळगावातल्याच एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी गाडी लिफ्टवर घेतली, चमचाभर तेल बाहेर काढले आणि त्याचा एक थेंब वहीच्या पांढऱ्या कागदावर टाकला. शेजारी नव्या तेलाचा थेंब टाकला, तो डाळिंबाच्या रसासारखा लाल होता. माझा थेंब काळपट तपकिरी होता आणि त्याला करपल्याचा वास येत होता. शिवाय हे तेल थंड करणाऱ्या कूलरकडे जाणाऱ्या पाइपच्या सीलमधून पाझर होऊन तेल अर्ध्या लिटरने कमी झाले होते.

या प्रकारच्या गिअरबॉक्समध्ये तेल केवळ वंगण नसते. गिअर बदलणारे आतले क्लच त्याच्याच दाबाने घट्ट होतात आणि तो दाब व्हॉल्व्ह बॉडीतले (तेलाच्या वाटा असलेल्या भागातले) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारे छोटे व्हॉल्व्ह, कमी-जास्त करतात. तेल करपले किंवा पातळी उतरली की दाब हवा तेव्हा आणि हवा तसा तयार होत नाही, आणि हा बिघाडच आपल्याला झटका म्हणून जाणवतो. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, त्यात भरलेली गाडी घाट चढते, म्हणजे तेल तापण्याची सगळी कारणे एकत्र येतात. मग ते आयुष्यभर टिकेल, असे कोणी छातीठोकपणे कसे सांगू शकतो?

एका वेळी जुने तेल सगळे निघत नाही, कारण बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्येच राहते. म्हणून मिस्त्रींनी सील बदलून, दर 500 किलोमीटरला एकदा, असे तीन वेळा तेल बदलले आणि शेवटी स्कॅनर लावून गिअर बदलण्याच्या जुन्या नोंदी पुसल्या. सगळे मिळून 12 हजार रुपये लागले. दुसऱ्या वेळेनंतर दणका सौम्य झाला, तिसऱ्या वेळेनंतर गेला. तो कागद मी घडी करून रावेरला नेला आणि दाजींना दाखवला. स्वतःच्या ट्रॅक्टरचे गिअर तेल तास मोजून बदलणारा माणूस कारच्या बाबतीत मात्र गाडीच्या जातीलाच दोष देतो, हे मला तेव्हाही अन्यायाचे वाटले आणि आजही वाटते. ती गाडी आता 1 लाख 30 हजार किलोमीटरवर आहे आणि अजिंठ्याचा घाट मी दरवर्षी चढतो.

तेल टाकताना तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रकाराचेच टाका. कोणतेही लाल तेल चालते, असे सांगणाऱ्याकडे गाडी देऊ नका. पातळी बहुतेक गाड्यांत इंजिन चालू ठेवून, तेल ठरलेल्या तापमानाला आल्यावर बघायची असते. इंजिनचे माउंटिंग (ज्यावर इंजिन बसवलेले असते ते रबरी आधार) फाटले असले तरी असाच दणका बसतो, तेही बघून घ्या.

मात्र हे सगळे टॉर्क कन्व्हर्टरच्या गिअरबॉक्सबद्दल आहे. तुमची गाडी एएमटी असेल, तर तिथे साधाच क्लच यंत्राने दाबला जातो. थोडा धक्का तिचा स्वभावच असतो, आणि तो वाढला असेल तर क्लचची झीज बघावी लागते. तसेच, रेस वाढूनही गाडी ओढत नसेल, डी (पुढे) किंवा आर (मागे) टाकल्यावर दोन-तीन सेकंद काहीच होत नसेल, किंवा तेलाच्या तळाशी धातूचे कण सापडले, तर नव्या तेलाने भागणार नाही आणि गॅरेजवाल्यांचे म्हणणे खरे असू शकते. म्हणून उद्या गॅरेजमध्ये स्वतः उभे राहून तेल काढायला लावा आणि कागदावरचा थेंब बघितल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका.