जिओकॅशिंग हा छंद कसा सुरू करायचा? महागडं जीपीएस यंत्र घ्यावं लागतं का?

तुम्ही लिहिलंय की यजमान जर्मनीत रुजू झालेत, तुम्ही आणि नऊ वर्षांचा मुलगा मार्चअखेरीस जाताय, आणि मुलाला घराबाहेर काढायला काहीतरी निमित्त हवंय. सोबत तीन शंका: यंत्र घ्यावं लागेल का, जर्मन न येता जमेल का, आणि निघण्याआधी पुण्यात सराव करता येईल का. यंत्र नको. जर्मनशिवाय जमेल. पुण्यात थोडंफार जमेल, पण जरा वेगळ्या पद्धतीने. मी स्टुटगार्टच्या बाजूला राहते आणि मुलींना घेऊन बरीच वर्षं हा उद्योग करतेय, तेव्हा जरा सविस्तर सांगते.

खेळ साधा आहे. कुणीतरी एक डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश संकेतस्थळावर टाकतो. आपण तिथे जायचं, डबा हुडकायचा, आतल्या कागदावर टोपणनाव आणि तारीख लिहायची, डबा होता तसा परत ठेवायचा आणि घरी येऊन ऑनलाइन नोंद करायची. या डब्यालाच कॅश म्हणतात. जगभरात असे तीस लाखांहून जास्त डबे आहेत. अमेरिका आणि जर्मनी या देशांत त्यांची नुसती रेलचेल आहे, त्यामुळे तुम्ही अगदी योग्य ठिकाणी चालला आहात.

याची सुरुवातही मजेशीर आहे. अमेरिकन लष्कर पूर्वी सर्वसामान्यांसाठीचा जीपीएस सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायचं. जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दाखवली जायची. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या आदेशाने मे २०००च्या पहिल्या दोन दिवसांत तो अडथळा काढला गेला. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ओरेगन राज्यात बीव्हरक्रीकजवळ एक काळी बादली ठेवली आणि तिचे आकडे इंटरनेटवर टाकले. बादलीत वही-पेन्सिल, पुस्तकं, सॉफ्टवेअर, एक गलोल आणि चक्क बीन्सचा डबा होता. माइक टीग याने ती सर्वात आधी शोधली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जेरेमी आयरिश यांनी जिओकॅशिंग डॉट कॉम सुरू केलं, तेव्हा साऱ्या जगात मिळून ७५ डबे होते. तो बीन्सचा डबा नंतर सापडला आणि हौशी मंडळी आजही त्याच्या दर्शनाला जातात. असो.

आता कामाचं. फोनवर अधिकृत ॲप घ्या आणि मोफत खातं उघडा. मोफत खात्यावर ॲपमध्ये फक्त सोपे डबे उघडतात; सुरुवातीला ते पुरेसे आहेत, पैसे भरायची घाई करू नका. अँड्रॉइड असेल तर स्वयंसेवकांनी बनवलेलं सी-जिओ हे ॲपही फुकट आहे, पण ते जरा सरावल्यावर घ्या. फोनची बॅटरी मात्र हा खेळ भरभर खातो, पॉवर बँक जवळ ठेवा.

पहिला डबा निवडताना मी चार गोष्टी बघते. प्रकार 'ट्रॅडिशनल' हवा, म्हणजे दिलेल्या आकड्यांवरच डबा असतो. कोडं सोडवून जागा काढायचे किंवा टप्प्याटप्प्याने पुढे नेणारे प्रकार नंतर. प्रत्येक डब्याला दोन गुण असतात, शोधायला किती कठीण आणि पोचायला किती कठीण, दोन्ही १ ते ५. सुरुवातीला दोन्ही दीडच्या आत ठेवा. आकार 'स्मॉल' किंवा 'रेग्युलर' घ्या. 'मायक्रो' म्हणजे फिल्मच्या रिळाच्या डबीएवढा, आणि त्याहून लहान नॅनो तर नखाएवढा लोहचुंबकी तुकडा असतो. पहिल्याच दिवशी नॅनो हुडकायला लावलात तर चिरंजीव दुसऱ्यांदा येणार नाहीत. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे आधीच्या लोकांच्या नोंदी. शेवटच्या तीन-चार नोंदी 'सापडला नाही' अशा असतील तर डबा बहुधा गेलेलाच असतो, तिकडे फिरकू नका.

खरी मजा शेवटच्या दहा मीटरांत आहे. मोकळ्या आकाशाखाली फोन तुम्हाला चार-पाच मीटरांपर्यंत नेतो. दाट झाडीत किंवा उंच इमारतींमध्ये सिग्नल आपटून येतो आणि बाण गोलगोल फिरायला लागतो. त्यात डबा लपवणाऱ्याचा फोनही तेवढाच चुकलेला असू शकतो. म्हणून अंतर दहा मीटरांवर आलं की फोन मुलाच्या हातातून घेऊन खिशात टाका आणि त्याला विचारा, 'तू इथे डबा लपवला असतास तर कुठे?' मोबाइलमधून डोकं वर न काढणारं पोरगं इथे गुडघ्यावर बसून झाडाच्या ढोली तपासायला लागतं.

बघायचं काय, तर जे निसर्गाने केलेलं वाटत नाही ते. जंगलात झाडाच्या बुंध्याशी चार-पाच काटक्या एकमेकींना समांतर रचून ठेवलेल्या दिसल्या की समजायचं, खाली डबा आहे. वाऱ्याने पडलेल्या काटक्या अशा ओळीत पडत नाहीत. इथले लोक या रचनेला 'हाझेनग्रिल' म्हणतात. भोवतालच्या दगडांवर शेवाळ आणि एकच दगड उघडा; कुंपणाच्या एकाच खांबाला जास्तीची टोपी; बाकाच्या खालच्या पट्टीला एक बोल्ट जास्त; रस्त्याकडेच्या लोखंडी कठड्याच्या मागच्या बाजूला काळा ठिपका. काही दिवसांनी डोळ्यांना अशी सवय लागते की बसस्टॉपवरही नजर बाकाखाली जाते. हात घालण्याआधी मात्र काठीने चाचपा. आणि खणायचं कधीच नाही: डबा पुरून ठेवायला नियमानेच बंदी आहे, त्यामुळे खणावं लागत असेल तर जागा चुकली आहे.

शोधताना आजूबाजूला माणसं असतील तर थांबायचं. खेळ माहीत नसलेल्यांना 'मगल' म्हणतात आणि त्यांच्या देखत डबा काढायचा नाही, नाहीतर तो दुसऱ्या दिवशी गायब होतो. मुलाच्या बुटाची नाडी बांधत बसणं हा माझा आवडता बहाणा.

डबा सापडला की आत कागदाची बारीक गुंडाळी असते. ती चिमट्याने काढा (बोटांनी ओढली की फाटते), टोपणनाव-तारीख टाका, घट्ट गुंडाळून परत घाला. पेन स्वतःचं न्या, छोट्या डब्यांत पेन मावत नाही. मोठ्या डब्यात खेळणी-बिळणी असतात. त्यातलं काही घेतलं तर तेवढ्याच तोलामोलाचं काही ठेवायचं. त्यासाठी पुण्याहून निघताना गोट्या, लहान भोवरे, आपली नाणी असं मूठभर बॅगेत टाका. लाकडी भोवरा सापडल्यावर इथली पोरं ज्या आनंदाच्या नोंदी लिहितात त्या वाचण्यासारख्या असतात. खाऊ मात्र ठेवायचा नाही, वासाने प्राणी डबा कुरतडतात.

एक गोष्ट मुलाला आधीच बजावून ठेवा. कधीकधी डब्यात क्रमांक कोरलेला पत्र्याचा बिल्ला मिळतो, त्याला एखादं खेळणं लटकवलेलं असतं. तो 'ट्रॅव्हल बग'. तो कुणाच्या तरी मालकीचा असतो आणि डब्यातून डब्यात प्रवास करत असतो. तो उचलायचा, ऑनलाइन नोंदवायचा आणि पुढच्या डब्यात सोडायचा, घरी कपाटात ठेवायचा नाही. मुलाला स्वतःचा एक घेऊन द्या आणि 'मला आजीकडे पुण्याला पोचवा' असं त्याचं ध्येय लिहू द्या. नकाशावर त्याची रेघ कुठवर गेली हे रोज बघितलं जाईल.

अक्षांश-रेखांशांच्या लिखावटीबद्दल सांगायलाच हवं, कारण नवीन लोक सर्वात जास्त इथे फसतात. या खेळात आकडे अंश आणि दशांश मिनिटांत देतात. समजा, ४८° ४६.५१२' असं दिलंय. याचा अर्थ ४८ अंश आणि साडेसेहेचाळीस मिनिटं. गूगल मॅप्स मात्र सहसा निव्वळ दशांश अंश दाखवतो, म्हणजे हीच जागा तिथे ४८.७७५२ दिसेल. घाईत ४८.४६५१२ टाकलंत तर चौतीस किलोमीटर दक्षिणेला जाल. मिनिटांच्या आकड्यातला शेवटचा अंक एकाने चुकला तर उत्तर-दक्षिण सुमारे १.८५ मीटर फरक पडतो. ॲप हे सगळं आपणहून सांभाळतं, पण पुढे कोड्यांचे डबे घ्याल तेव्हा आकडे हातानेच भरावे लागतात.

भाषेचं म्हणाल तर वर्णन बहुतेक जर्मनमध्येच असतं, फोन भाषांतर करून देतो. काम अडतं ते सूचनेपाशी. बहुतेक डब्यांना एक छोटी सूचना असते. संकेतस्थळावर ती उलटसुलट अक्षरांत दिसते (प्रत्येक रोमन अक्षर तेरा घरं पुढे सरकवलेलं, ए च्या जागी एन), एका टिचकीने सरळ होते. मुलाला तिथे कागद-पेन्सिल देऊन उलगडायला लावा, दोनदा केलं की त्याला ती लिपीच पाठ होते. सूचनांत तेच ते शब्द येतात: वुर्त्सेल म्हणजे मूळ, श्टाइन दगड, उंटन खाली, हिंटन मागे, माग्नेटिश चुंबकाचं. एवढ्यावर पहिले काही महिने निघतात. नोंद कुठल्याही भाषेत चालते. आम्ही कागदावर देवनागरीत सही करतो, आणि ही कुठली लिपी म्हणून डब्याच्या मालकांची विचारणा येते. डबा मिळाला नाही तर तशीही नोंद जरूर करा. त्यावरूनच मालकाला कळतं की जाऊन बघायला हवं.

आता पुणे. पुण्या-मुंबईकडेही काही डबे नोंदवलेले आहेत, पण विरळ. वर सांगितल्याप्रमाणे नोंदी बघून ताजा असेल तर जा. पण जाण्याआधी स्वतःचा डबा सार्वजनिक जागी ठेवायच्या फंदात मात्र पडू नका. लपवणाऱ्याने डब्याची देखभाल करायची असते, परदेशी राहून ती होत नाही. शिवाय आपल्याकडे स्टेशनवर रोज 'बेवारस वस्तूला हात लावू नका' ऐकत मोठी झालेली माणसं. कठड्याखाली डबी खुपसणारी व्यक्ती दिसली तर पोलीस येणारच, आणि त्यांचं काही चुकलं असंही नाही. इंग्लंडमध्ये वेदरबी गावात २०११ साली एका कॅफेबाहेरचा डबा बॉम्बशोधक पथकाने खरोखर उडवून दिला होता. गडकिल्ल्यांवर तर नकोच. पुरातत्त्व खात्याच्या भिंतीतला दगड हलवून तिथे प्लॅस्टिक कोंबायला मी कुणालाच सांगणार नाही.

त्यापेक्षा सोसायटीच्या बागेत करा. तुम्ही डबा लपवा, फोनवर त्या जागेचे आकडे पाच-सहा वेळा घ्या, सरासरी काढा आणि चिठ्ठीवर अंश-मिनिटांत लिहून मुलाला द्या. दुसऱ्या दिवशी त्याने लपवायचा, तुम्ही शोधायचा. लपवून बघितलं की शोधायचं कसं हे आपोआप कळतं. सुरक्षारक्षकाला मात्र आधी सांगून ठेवा.

इथे आल्यावर जंगलाचे दोन-तीन रिवाज पाळा. तिन्हीसांजेला जंगलात शोधाशोध करू नका, शिकारी मचाणावर बसलेले असतात. त्या मचाणांवर चढायचंही नाही, कोणी काहीही म्हटलं तरी. ओसाड कारखाने आणि पडके बंगले इथे 'लॉस्ट प्लेस' म्हणून फार लोकप्रिय आहेत. मूल सोबत असताना ते सोडून द्या.

आणि गोचीड. मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत गवतात गोचिडी असतात. लांब पँट, पायमोजे पँटवर ओढलेले, आणि घरी आल्यावर मुलाच्या गुडघ्यांमागे, काखेत, कानांमागे, केसांच्या कडेने नीट बघायचं. बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबर्ग या राज्यांत त्यांच्यापासून मेंदूज्वराचा धोका असतो. त्यावर लस आहे, तीन डोसांची. उन्हाळ्याच्या आत किमान दोन तरी व्हायला हवेत. त्यामुळे पत्ता नोंदवून विम्याचं कार्ड हातात आलं की मुलाच्या डॉक्टरांकडे पहिल्याच भेटीत हा विषय काढा.