त्रिशंकू दिसत नाही? पुणं तुमच्या कुठल्या बाजूला होतं ते आधी सांगा

तुमची पोस्ट वाचली आणि बायकोला हाक मारून मोठ्याने वाचून दाखवली. दोन वर्षं मे महिन्यात जुन्नरच्या पुढे जाऊन मुक्काम, आणि त्रिशंकूच्या, म्हणजे दक्षिणेकडच्या चार ताऱ्यांच्या क्रूसाच्या, जागी "नुसता पिवळट धुरळा". अगदी माझीच कथा. फरक एवढाच की मी दोन नाही, चार मे घालवले.

नकाशात दक्षिणेला दाखवलेले गुरू-शनी तिथे जुळत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, ते आधी उरकून टाकतो. तुमच्याकडचा नकाशा २०१९ सालचा आहे. त्या उन्हाळ्यात गुरू ज्येष्ठेच्या (वृश्चिकेतला तांबडा तारा) जरा वर डावीकडे आणि शनी धनूत होता, म्हणून दोघं दक्षिणेला दिसायचे. आता ते तिथे कसे असतील? गुरूला सूर्याभोवती एका फेरीला सुमारे १२ वर्षं लागतात, शनीला साडेएकोणतीस. २०२६ च्या मे महिन्यात गुरू मिथुनेत, म्हणजे अंधार पडल्यावर पश्चिमेला. शनी मीनेत, म्हणजे पहाटे पूर्वेला. तुम्ही ज्याला गुरू समजलात तो आग्नेयेचा तांबूस, लुकलुकणारा ठिपका बहुतेक ज्येष्ठा असावी. पुढच्या वेळी निघण्याआधी घरातलं पंचांग उघडा. आपल्या खगोलप्रेमी मंडळींना पंचांगाचं नाव काढलं की अंगावर पाल पडल्यासारखं होतं, पण कुठला ग्रह कुठल्या राशीत आहे ते त्यात नीट दिलेलं असतं. पुढचं भविष्य वाचू नका म्हणजे झालं.

आता मुख्य दुखणं. मी काही खगोलतज्ज्ञ नाही, पंप दुरुस्तीचा धंदा आहे माझा, तेव्हा चुकलं तर जाणकारांनी कान धरावा. पण ही एक चूक मी इतकी मन लावून केली आहे की त्यावर बोलायचा अधिकार मला आहे.

माळशेजच्या अलीकडे एका ओळखीच्यांचं शेत आहे. जवळपास दिवा नाही. चित्रा, स्वाती, हस्ताचे चारही तारे असे खणखणीत दिसायचे की वाटायचं, याहून चांगली जागा कुठली मिळणार? दक्षिणेला क्षितिजालगत मात्र एक नारिंगी पट्टा. मला वाटायचं, मे महिना आहे, धूळ असणार. दरवर्षी तेच. चौथ्या वर्षी फोटो एका ग्रुपवर टाकला, तर एका आजोबांनी एकच प्रश्न विचारला: "पुणं तुमच्या कुठे होतं?"

नकाशा काढून बघितला. जुन्नरपासून सरळ खाली दक्षिणेला रेघ ओढा, आधी चाकण, मग पुणं. मी चार वर्षं चाकणच्या कारखान्यांच्या दिव्यांमधून त्रिशंकू शोधत होतो! जागा ठरवली डोक्यावरचं आकाश बघून, आणि बघायचं होतं ते पार खाली, क्षितिजाला टेकलेलं.

किती खाली, तेही सांगतो. त्रिशंकूचा सगळ्यात तेजस्वी, पायाशी असलेला तारा पुण्याहून जास्तीत जास्त साडेआठ अंश वर येतो. हात लांब करून मूठ धरली की दहा अंश होतात, म्हणजे मुठीपेक्षाही कमी. माळशेजला तर साडेसातच. एवढ्या खाली बघताना नजर डोक्यावरच्या हवेच्या जवळजवळ सात पट हवेतून जाते. त्यात डोंगर. पाच किलोमीटरवरचा सातशे मीटर उंच डोंगर आठ अंश झाकून टाकतो, आणि सह्याद्रीत असे डोंगर हवे तितके. म्हणून माझं ठाम मत (इथल्या काहींना पटणार नाही): दक्षिणेचे तारे बघायचे तर शहर पाठीशी, म्हणजे उत्तरेला हवं. पुण्याच्या दक्षिणेला जा, आणि जमलं तर सरळ तळकोकणात उतरा. तिथेही एक गोम आहे. कोकणातला समुद्र पश्चिमेला असतो. दक्षिणेकडे पाणी हवं तर खाडीच्या उत्तर काठावरची जागा शोधावी लागते.

हे कळल्यावर पाचव्या वर्षी मी दक्षिणेकडच्या एका पठारावर रात्री थांबायची परवानगी मागायला गेलो. कुठलं कार्यालय ते सांगत नाही. अर्जात "प्रयोजन" म्हणून तीन रकाने: पदभ्रमण, चित्रीकरण, इतर. मी "इतर" लिहून पुढे "तारे पाहणे" लिहिलं. बाबूंनी ते खोडून "चित्रीकरण" केलं, का तर "दुर्बीण म्हणजे कॅमेराच की", आणि चित्रीकरणाचं शुल्क सांगितलं. दुसऱ्या खेपेला संस्थेचं पत्र मागितलं. माझी कसली संस्था? तिसऱ्या खेपेला साहेब रजेवर. तोवर अमावास्या उलटली आणि पुढच्या अमावास्येला पाऊस. "आकाश तर गच्चीतूनही दिसतं हो," हे वर ऐकवलं ते वेगळंच. असो. विषयांतर झालं, पण अजून डोकं तापतं.

शेवटी त्रिशंकू दिसला तो मालवणच्या अलीकडे, आत्याच्या घरासमोरच्या खळ्यातून. ना अर्ज, ना शुल्क. आदल्या दिवशी वळीव पडून हवा धुऊन निघाली होती. नऊ वाजून गेले होते. हस्त बरोबर दक्षिणेला आला की त्याच्या खाली सरळ चार मुठी उतरायचं, हा आजोबांचा मंत्र. उतरलो, तर दोन माडांच्या मधोमध चार तारे, पतंगासारखे, आणि त्यांच्या डावीकडे मित्र आणि मित्रक हे दोन मोठे. आत्या दारातून म्हणाली, "काय बघतंस रे थंय?" मी बोट दाखवलं. "हे होय," म्हणाली आणि आत गेली. तिला ते लहानपणापासून दिसत होते. तिथे तो पायाचा तारा पावणेअकरा अंशांपर्यंत चढतो. आकड्यात दोन-अडीच अंशांचाच फरक, पण डोळ्याला फार मोठा.

मित्र-मित्रक दिसल्याशिवाय "दिसला" म्हणू नका. त्रिशंकूच्या तीन-साडेतीन तास आधी त्याच भागातून एक फसवा क्रूस जातो, आकाराने मोठा, तेजाने फिका, आणि पुण्याहून बघितला तर त्रिशंकूपेक्षा उंचावर. मी तो किमान वीस जणांना त्रिशंकू म्हणून दाखवला आहे. त्यातला कुणी हे वाचत असेल तर माफी.

मेचाच हट्टही धरू नका. मार्चच्या मध्यात रात्री दीडच्या सुमारास तोच त्रिशंकू त्याच जागी असतो आणि धूसरपणा सहसा कमी असतो. नोकरी असेल तर झोपेचं खोबरं होतं, ते तुमचं तुम्ही बघा. जानेवारी-फेब्रुवारीत तर अगस्त्यासाठी जागरणही नको. संध्याकाळीच व्याधाच्या खाली दिसतो, पुण्याहून जवळजवळ १९ अंश वर येतो, आणि व्याधानंतर रात्रीच्या आकाशातला सगळ्यात तेजस्वी तारा तोच. शहरातून सुरुवात त्याच्यापासून करा.

दुर्बिणीबद्दल: खोक्यावर "५२५ पट" छापलेली घेऊ नका. मी घेतली, तिचा स्टँड वारा नसतानाही हलतो, दुकानदाराने परत घेतली नाही, सध्या माळ्यावर आहे. १०×५० चा (दहा पट, ५० मिलिमीटरची भिंगं) साधा द्विनेत्री घ्या. गुरूचे चार चंद्र त्यात दिसतात, कोपर भिंतीला टेकवा मात्र. शनीची कडी दिसणार नाहीत, त्याला तीसेक पट तरी लागतं. आणि कड्यांची तशी घाई नाही. मार्च २०२५ मध्ये त्यांची पातळ कड नेमकी आपल्याकडे आली होती, आता हळूहळू उघडताहेत, २०३२ च्या सुमारास पुरती उघडतील. तोवर पैसे साठवा.

खाली चटई टाकण्याआधी दगड उचलून बघा आणि पहाटे बूट झटका. वृश्चिक आकाशातलाच बरा.

ता.क. फोनवरचं ॲप दिशा चुकीची दाखवतं असं तुम्ही लिहिलंय. कव्हरला चुंबकाची झडप आहे का? माझ्या होती. कव्हर काढून बघा.