आधी कर्ज की आधी बाळ? बारा लाखांचा हिशोब

प्रश्न : मी ३७ वर्षांची, पती ४० वर्षांचे. दोघंही पुण्यात खासगी नोकरीत आहोत. माझ्या हातात ६२ हजार येतात, त्यांच्या ८८ हजार. घरखर्च ६० हजार, एसआयपी २० हजार. गृहकर्ज ३२ लाख बाकी आहे, अजून १५ वर्षं, ८ टक्के फ्लोटिंग दराने. अडीअडचणीसाठी २ लाखांची एफडी आहे. गावच्या जमिनीच्या वाटणीतून नुकतेच १२ लाख मिळाले. पती आणि सासूबाई म्हणतात, ते कर्जात भरावेत आणि दोन वर्षांनी, हात मोकळा झाला की मुलाचं बघावं. डॉक्टर म्हणतात, एएमएच (स्त्रीबीजांचा साठा दाखवणारी रक्तचाचणी) कमी आहे, आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बाळाचा उपचार) करायचं असेल तर वेळ घालवू नका. ताण नको म्हणून मी नोकरी सोडून उपचार घ्यायचं म्हणते आहे. काय करावं?

उत्तर : सुरुवात यजमानांच्या बाजूने करते, कारण त्यांचं म्हणणं चुकीचं नाही. तुमचा हप्ता साधारण ३०,६०० रुपये आहे. आज १२ लाख भरून हप्ता तेवढाच ठेवलात तर कर्ज १५ ऐवजी सात वर्षांच्या थोडं पुढे संपतं आणि व्याजाचे १६ ते १७ लाख वाचतात. शिवाय नव्या करप्रणालीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळत नाही, म्हणजे ८ टक्के हा पुरेपूर ८ टक्केच खर्च. कुणालाही मोह व्हावा असा हा आकडा आहे.

पण तो 'आत्ता भरले की कधीच नाही भरले' याच्यातला फरक आहे. तुमच्यापुढचा प्रश्न वेगळा आहे : आत्ता भरायचे की दोन वर्षांनी? १२ लाख एफडीत साडेसहा टक्क्यांनी ठेवले, कर जाऊन साडेपाच हातात राहिले असं धरलं, तर दोन वर्षं थांबण्याची किंमत जेमतेम ७० हजार रुपये येते. फ्लोटिंग दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही, त्यामुळे बँक तेव्हाही हे पैसे तितक्याच आनंदाने घेईल. तुमचं वय मात्र तेव्हा ३९ असेल. स्वतःच्या बीजांवर आयव्हीएफ यशस्वी होण्याची शक्यता पस्तिशीनंतर घसरत जाते आणि चाळिशीच्या तोंडाशी ती घसरण आणखी वेगाने होते. त्यात तुमचं एएमएच आधीच कमी. उद्या कदाचित दोनाऐवजी चार वेळा प्रयत्न करावे लागतील, आणि त्याचा खर्च ७० हजारांत बसणार नाही.

म्हणून माझं मत : हे पैसे सध्या कर्जात घालू नका.

आता नोकरीबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच. ताण मी नाकारत नाही. सकाळी साडेसातला सोनोग्राफी आणि दहाला मीटिंग, यात बायकांची काय ओढाताण होते हे मी अशिलांच्या घरात पाहिलेलं आहे. पण आकडे बघा. तुमचा पगार थांबला तर ८८ हजारांतून घरखर्च आणि हप्ता मिळून ९०,६०० जायला हवेत. बाळ यायच्या आधीच महिना तुटीत, आणि एसआयपी बंद.

दुसरं म्हणजे नोकरीबरोबर कायद्याने मिळणारी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा जाते. ती तुमच्या बाबतीत पावणेचार लाखांच्या घरातली रक्कम आहे. त्यासाठी प्रसूतीच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत किमान ८० दिवस काम झालेलं असावं लागतं, म्हणजे आधी सोडून मग दुसरीकडे लागू, हा बेतही जपून. दुर्दैवाने गर्भपात झाला तर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे. आयव्हीएफच्या वाटेवर ही तरतूद माहीत असलेली बरी, बऱ्याच जणी तेवढे दिवस आजारपणाच्या रजेत घालवतात.

तिसरा मुद्दा विम्याचा. कंपनीच्या गटविम्यात बाळंतपणाचा खर्च बहुतेक वेळा पहिल्या दिवसापासून धरलेला असतो. स्वतःहून घेतलेल्या पॉलिसीत त्यासाठी सहसा दोन ते चार वर्षं थांबावं लागतं, तेव्हा आज धावत जाऊन पॉलिसी घेण्यात अर्थ नाही. आणि वंध्यत्वावरचे उपचार बहुतेक पॉलिसींत सरळ वगळलेले असतात. म्हणजे आयव्हीएफ खिशातून, बाळंतपण कंपनीच्या विम्यातून. सोडायचीच असेल तर नोकरी रजेनंतर सोडा. त्याआधी बिनपगारी रजा, घरून काम, कमी जबाबदारीची बदली, यातलं काय शक्य आहे ते विचारा.

बारा लाखांची वाटणी मी अशी करीन. पाच लाख उपचारांना. पुण्या-मुंबईत एका सायकलचा खर्च दीड ते अडीच लाखांत जातो, म्हणजे हे दोन प्रयत्नांचे पैसे. साडेतीन लाख आणीबाणीच्या एफडीत, म्हणजे तिथे सहा महिन्यांचा खर्च आणि हप्ते जमा होतील. उरलेले साडेतीन बाळंतपणात विम्याबाहेर जाणाऱ्या खर्चासाठी आणि पहिल्या वर्षासाठी. आयव्हीएफमध्ये जुळं राहण्याची शक्यता नेहमीपेक्षा जास्त असते, जुळी बाळं बऱ्याचदा लवकर जन्मतात, आणि एनआयसीयूचं (नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागाचं) बिल दिवसावर चढतं. गटविम्यात नवजात बाळ पहिल्या दिवसापासून धरलेलं आहे का, हे एचआरकडून लेखी घ्या.

क्लिनिक २०२१च्या एआरटी कायद्याखाली (आयव्हीएफसारख्या उपचारांवर नियंत्रण ठेवणारा कायदा) नोंदणीकृत आहे ना ते आधी पाहा. मग पॅकेजमध्ये काय नाही ते विचारा : इंजेक्शनं, भ्रूण गोठवणं, पुढच्या वर्षीचं त्याचं भाडं, गोठवलेल्या भ्रूणाचं रोपण. जाहिरातीतल्या आकड्यात हे बहुधा नसतं. 'तीन सायकल, नाहीतर पैसे परत' असं कुणी म्हणालं तर अटींचा कागद घरी आणून शांतपणे वाचा. क्लिनिकमध्ये बसून ईएमआयवर सही करू नका. तुमच्याकडे पैसे आहेत.

आणि पहिलं इंजेक्शन घ्यायच्या आधी दोघांनी एक रेघ ठरवा. किती प्रयत्न, किती पैसे. मी दोन प्रयत्न म्हणेन, पण आकडा तुमचा असू दे. दुसरा प्रयत्न फसल्यावर, डोळे सुजलेले असताना 'अजून एकदा' हा निर्णय पैशाने घेतला जात नाही, आणि तेव्हाच पीएफला, सोन्याला हात लागतो. रेघेपलीकडचं दारही आज बघून ठेवा : 'कारा' या सरकारच्या केंद्रीय दत्तक यंत्रणेमार्फत दत्तक घेताना दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी जोडप्याच्या वयांची बेरीज ८५पेक्षा जास्त चालत नाही. तुमची आज ७७ आहे, आणि ती वर्षाला दोनाने वाढते. प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. तिकडे जायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण गणित डोळ्यांसमोर असू दे.

उशिरा होणाऱ्या आईबापांची खरी आर्थिक अडचण बाळंतपणात नसतेच. ती पुढे असते. बाळ यजमानांच्या ४२व्या वर्षी झालं, तर ते ५८चे होतील तेव्हा मूल दहावी-अकरावीत असेल आणि पदवीची फी निवृत्तीनंतर भरायची वेळ येईल. (माझ्या घरी हेच झालं आहे; मुलाचं इंजिनिअरिंग आणि नवऱ्याची निवृत्ती एकाच जूनमध्ये.) कर्ज तुम्ही एक रुपयाही जादा भरला नाहीत तरी त्यांच्या ५५व्या वर्षी संपतंय, म्हणजे त्या खिंडीत ते आडवं येत नाही. आडवी येईल ती तुटपुंजी निवृत्तीची पुंजी. म्हणून चालू २० हजारांची एसआयपी निवृत्तीचीच समजा आणि मुलाच्या नावाने तिला हात लावू नका. शिक्षणासाठी बाळ झाल्यावर वेगळे १० हजार सुरू करा. १८ वर्षांत वार्षिक १० टक्के मिळाले तर ६० लाख होतात. महागाई ६ टक्के धरली तर आजच्या किमतीत ते २१ लाख. १० टक्क्यांची हमी कुणी देत नाही, हे लक्षात असू द्या.

टर्म विम्याबद्दल पत्रात काहीच नाही. दोघांनी घ्या, वयाच्या ६५पर्यंतचा, आणि तुम्ही उपचार सुरू होण्याआधी घ्या. गरोदरपणात काही कंपन्या प्रस्ताव पुढे ढकलतात.

एक बारीक शंका. दीड लाखातून घरखर्च, एसआयपी आणि हप्ता वजा केला तरी ३९ हजार उरायला हवेत. ते कुठे जातात? दोन महिने लिहून काढा. यातूनच सासूबाईंचंही मन राखता येईल : दरवर्षी एक हप्ता जादा भरा. तेवढ्यानेही कर्ज दोन वर्षं आधी संपतं, आणि जमिनीचे पैसे जागेवर राहतात.